पुढचा ब्रेक

सायकल शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला आमच्या बेळगावात एक वाक्य ऐकावंच लागायचं. "पुढचा ब्रेक मारू नको गे, पालथी पडशील." मी ऐकलं, माझ्या बहिणींनी ऐकलं, लुना आली तेव्हा वहिनीनं ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या धाकट्या लेकीला ते मीच ऐकवलं. ३४ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पोरांना प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधायला सांगत आले. पण हे वाक्य आलं कुठून, आणि ते खरं तरी आहे का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. सुचलं ते गेल्या वर्षी, आण्णांची बुलेट उघडली तेव्हा.

आण्णा म्हणजे माझे वडील. शेती चिकोडीकडं आणि बिऱ्हाड शहापुरात, त्यामुळं आठवड्यातून दोनदा तरी त्यांची फेरी असायची. १९६७ ची ३५० सीसी बुलेट, म्हैसूर राज्याची 'एमवाय' अक्षरांची पाटी असलेली. आण्णा गेल्यावर ती पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीला झाडलोट करताना आम्ही तिच्याभोवतीनं झाडायचो, एवढाच तिचा आमचा संबंध उरला होता. धाकटी पणजीला नोकरीला लागली आणि तिच्या डोक्यात आलं, आजोबांची गाडी दुरुस्त करून चोर्ला घाटातून गोव्याला न्यायची. घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मी हो म्हटलं, पण एका अटीवर: मिस्त्री सांगेल त्या क्रमानं काम होईल.

मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. इतिहासात कसाबसा पास व्हायचा, पण हातात जादू. इंजिन त्यानं महिनाभरात बोलतं केलं. धाकटी म्हणाली, आता रंग. तो म्हणाला, "रंग मागनं बघू. आधी थांबते का बघू." पुढचं चाक काढून त्यानं अंगणात वर्तमानपत्र पसरलं, ड्रममधली ताटली बाहेर घेतली आणि मला हाक मारली.

"बाई, हे बघा जरा."

ज्यांनी ब्रेक कधी उघडलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चाकाच्या मधोमध लोखंडाचा डब्यासारखा ड्रम असतो, तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत अर्धचंद्राकार दोन शू असतात, ते फिरत नाहीत. दांडीवरचा लिव्हर ओढला की केबल ताणते, आतला कॅम वळतो, दोन्ही शू फाकतात आणि ड्रमच्या आतल्या अंगाला घासतात. शूवर जे अस्तर असतं त्याला मिस्त्री लोक लायनर म्हणतात. झिजतं ते लायनर.

मागच्या चाकाचं लायनर रिबिटींपर्यंत झिजलेलं होतं. पुढचं जवळजवळ कोरं.

"आण्णांनी पुढचा ब्रेक कधी लावलाच न्हाई वाटतं," मिस्त्री हसून म्हणाला. मला हसू आलं नाही.

१९७४ च्या श्रावणात आण्णा सावंतवाडीला निघाले होते. आंबोलीचा पाऊस ज्यांनी अनुभवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. घाट उतरताना वळणापलीकडं एक ट्रक बंद पडून उभा होता. आण्णांनी ब्रेक दाबला, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि साबणावरून घसरावं तशी गाडी आडवी झाली. जीव वाचला, गुडघा गेला. मी तेव्हा ११ वर्षांची होते. त्यानंतर मंदिराच्या पायऱ्या ते कठड्याला धरून एक एक करून चढायचे, आणि कुणी विचारलं की एकच सांगायचे, "ब्रेक मारला, पण गाडी थांबली न्हाई." घरानं पन्नास वर्षं पावसाला दोष दिला. आता त्या कोऱ्या लायनरकडं बघताना कळलं, ब्रेक मारला म्हणजे त्यांनी मागचाच मारला होता. पुढच्याला त्यांनी हात लावला नव्हता. कारण तेच वाक्य त्यांनाही कुणीतरी शिकवलेलं होतं.

पुढचा लावला असता तर ते पडलेच नसते, असं मी म्हणणार नाही. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक अडकलं तर सावरायला वेळच मिळत नाही, आणि त्या काळच्या ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक काही क्षण नुसता नावाला उरायचा. पण एसटीनं करकचून ब्रेक मारला की उभी माणसं कुठं जातात? पुढं. गाडीचंही तसंच. थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं. हलकं झालेलं चाक ब्रेकनं लगेच अडकतं आणि घसरतं. म्हणजे थांबवण्याचं निम्म्याहून कितीतरी जास्त काम पुढच्या चाकाला करता येतं, आणि आम्ही पिढ्यानपिढ्या नेमकं तेच चाक मोकळं सोडत आलो.

मग ही भीती आली कुठून? माझं मत असं की ती अगदीच खोटी नव्हती, ती जुनी झाली होती. मुरमाच्या, खडीच्या रस्त्यावर पुढचं चाक अडकलं तर माणूस खरंच पडायचा. सुरुवातीच्या मोटरसायकलींना पुढं जो ब्रेक असायचा तो सायकलीचाच होता, रिमवर दोन ठोकळे दाबणारा. शंभर-दीडशे किलोच्या गाडीला तो काय थांबवणार? त्यामुळं सगळी भिस्त मागच्यावर. ड्रमचा ब्रेक पुढच्या चाकात सर्रास दिसू लागला तो १९२० च्या दशकात. रस्ते बदलले, ब्रेक बदलले, पण वाक्य तेच राहिलं.

लायनरची गोष्ट मात्र याहून जुनी आहे, आणि ती सुरू होते एका बाईपासून. कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती तीनचाकी गाडी चालवत मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी गेली. सुमारे १०० किलोमीटर. तोवर एवढ्या लांब मोटार कुणी नेलीच नव्हती. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले, तेव्हा तिनं एका गावात मोच्याला बोलावून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना ती हीच. घरी परतल्यावर तिनं नवऱ्याला चढासाठी आणखी एक गिअर हवा असंही सांगितलं. माहेरी जाणाऱ्या बाईनं वाटेतल्या उतारावर जे शोधलं, ते आज प्रत्येक गाडीच्या चाकात आहे. (चामडं म्हटल्यावर माझ्या आजीनं नाक मुरडलं असतं. आमच्याकडं चामड्याची पिशवीही उंबऱ्याच्या आत येत नसे. सुदैवानं पुढं चामडं मागं पडलं.)

ते मागं पाडायला कारणीभूत झाला तो इंग्लंडमधला हर्बर्ट फ्रूड. डर्बीशरच्या डोंगराळ भागात तो बघायचा की घोडागाडीवाले उतारावर लाकडी ब्रेक धरेनासा झाला की त्यावर जुना बूट ठोकतात. त्यावरून १८९७ मध्ये तो खास ब्रेकसाठीचं अस्तर बनवायच्या मागं लागला. त्याच्या मालाचं नाव फेरोडो. आडनावातली अक्षरं उलटसुलट केली आणि बायकोच्या, एलिझाबेथच्या नावातलं 'ई' त्यात घातलं, असं सांगतात. पुढं अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आलं. ते तापलं तरी जळत नाही, म्हणून अनेक दशकं जगभर तेच वापरलं गेलं. त्याची धूळ श्वासातून गेली की फुप्फुसाचे जीवघेणे आजार होतात, हे सर्वमान्य व्हायला फार वेळ लागला.

आमचा मिस्त्री ड्रममधली धूळ तोंडानं फुंकायला वाकला तेव्हा मी ओरडलेच. म्हटलं, आधी ओलं फडकं घे, तोंडाला रुमाल बांध. त्या जुन्या लायनरमध्ये काय आहे कुणाला ठाऊक! "आमच्या वडलांनी जन्मभर असंच फुंकलं की वो बाई," तो म्हणाला. मग जरा थांबला. त्याचे वडील शेवटची काही वर्षं कसे धापा टाकत होते ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. कशामुळं ते आता सांगता येणार नाही. पण त्यानं फडकं ओलं केलं.

आता बुलेटकडं येते. बुलेट हे नाव रॉयल एनफिल्डनं इंग्लंडात रेडिच इथं १९३२ मध्येच वापरलं, पण आपण जिला बुलेट म्हणतो ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. आपल्या सरकारनं सीमेवरच्या गस्तीसाठी या ८०० गाड्यांची मागणी नोंदवली आणि त्यातून १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीला सुटे भाग आणून इथं जोडणी व्हायची, १९६२ च्या सुमारास सगळी गाडी इथंच बनू लागली. आण्णांची त्यानंतरची, म्हणजे अस्सल मद्रासी.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मला रस वाटला तो पुढच्या भागात. रेडिचचे लोक स्वस्थ बसले नव्हते. पुढचा ६ इंची ड्रम अपुरा पडतो हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी पन्नाशीच्या दशकातच एका चाकात दोन्ही बाजूंना एकेक ड्रम घालून पाहिला, मग ७ इंची ड्रम आणला. व्हिन्सेंट नावाच्या दुसऱ्या एका कंपनीनं तर १९४६ च्या गाडीला पुढं दोन आणि मागं दोन असे ४ ड्रम दिले होते. रेडिचचा कारखाना पुढं बंद पडला, इंग्लंडातली कंपनी १९७० च्या आसपास संपली. मद्रासची मात्र चालू राहिली, इतकी की १९७७ मध्ये इथली बुलेट इंग्लंडात विकायला गेली. याचा आपण अभिमान बाळगतो आणि बाळगावाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की परवाना राज्यात स्पर्धा नव्हती, गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारे लोक होते, आणि जे विकलं जातंय ते बदलायचं कारण नव्हतं. रस्त्यावर ट्रक वाढले, वेग वाढला, ब्रेक तसाच राहिला. आण्णा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावरच घाट उतरायचे. त्यांच्या पिढीचं सगळ्यांचं तसंच होतं; ब्रेकचं काम अर्धं इंजिनच करायचं.

बुलेटसारखीच दुसरी गोष्ट राजदूत ३५० ची. जपानात यामाहानं या गाडीला पुढं डिस्क ब्रेक दिला होता. १९८३ मध्ये ती आपल्याकडं बनू लागली तेव्हा किंमत आवाक्यात ठेवायला डिस्क काढून ड्रम बसवला. गाडी पळायची वाऱ्यासारखी, थांबायची मात्र तिच्या मर्जीनं. माझ्या मावसभावाकडं होती. त्याच्या मागं बसायला मी एकदाच गेले.

डिस्कचं नाव निघालं तेव्हा आमच्या अंगणात तीन मतं झाली. धाकटीला डिस्कच हवी होती. डिस्क म्हणजे चाकाला बाहेरून लावलेली तबकडी, तिला दोन्हीकडून चिमट्यासारखं धरायचं. हवेत उघडी असल्यानं लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते. लॅम्ब्रेटाच्या एका इटालियन स्कूटरला ती १९६२ मध्येच होती, आणि होंडानं १९६९ मध्ये सीबी ७५० वर तेलाच्या दाबावर चालणारी डिस्क दिल्यावर जग तिकडं वळलं. धाकटीचं बरोबरच होतं. पण जुन्या बुलेटला ती लावायची तर पुढचे दोन्ही फोर्क बदलायला लागतात, दांडीवर तेलाची डबी येते, आणि आजोबांची गाडी आजोबांची दिसत नाही.

माझे थोरले बंधू दुसऱ्या टोकाला. त्यांचं म्हणणं, एक नटही बदलायचा नाही. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, तो घ्या आणि प्रदर्शनात ठेवा. पण त्या नंबरची गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. धाकटी म्हणाली, "मामा, मला गाडी दाखवायची नाही, चालवायची आहे." आमची नोंदणी जुनीच ठेवायची ठरलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर एक सांगून ठेवते: कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारावं.

तिसरं मत मिस्त्रीचं, आणि मला तेच पटलं. बुलेटलाच पुढच्या काळात कंपनीनं जो ७ इंची ब्रेक दिला तो बसवायचा, ज्याचे दोन्ही शू 'पुढचे' असतात. याचा अर्थ त्यानं मला अंगणातल्या काठीवर समजावला. काठी पुढं टेकवून चाललं तर ती जमिनीत रुतते, मागं ओढत नेली तर नुसती घासत येते. जुन्या ड्रममधल्या दोन शूंपैकी एक असा रुतणारा असतो. फिरणारा ड्रम त्याला आणखी आत ओढतो, म्हणून बहुतेक काम तोच करतो. दुसरा नुसता घासत राहतो. नव्यात दोन कॅम असतात, बाहेरून एका सळईनं जोडलेले, आणि दोन्ही शू रुतणारे. हाताचा जोर तेवढाच, पकड दीडपटीच्या आसपास. खोट एकच: चढावर गाडी मागं सरकू लागली की दोन्ही शू घासणारे होतात आणि ब्रेक ढिला पडतो. तिथं मागचा ब्रेक धरायचा.

धाकटीच्या बाबतीत पुढचा ब्रेक चांगला असण्याचं आणखी एक कारण होतं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. तिला सवय आजच्या गाड्यांची. गडबडीत तिनं उजवा पाय दाबला तर ब्रेक लागायचा नाही, उलट गाडी वरच्या गिअरमध्ये जाईल. हाताचा ब्रेक मात्र सगळ्या गाड्यांना उजव्याच हाताला. घाबरलेल्या क्षणी जो हात चुकत नाही, त्या हातातला ब्रेक खोटा असून कसं चालेल?

काम दीड महिना चाललं. जुन्या बुलेटच्या मोडीतून ७ इंची हब मिळाला. उद्यमबागेत एका टर्नरकडं ड्रम लेथवर घालून आतून एकसारखा करून घेतला, कारण ड्रम अंडाकृती झाला असेल तर ब्रेक लावल्यावर लिव्हर हातात धडधडतो. लायनर बिनअ‍ॅस्बेस्टॉसचं घेतलं आणि ड्रमच्या गोलाईशी जुळेस्तोवर घासलं. नवं लायनर नुसतं टोकाला टेकत असेल तर दिसायला नवं आणि धरायला शून्य. नव्या हबला आरे वेगळ्या लांबीचे लागले, चाक पुन्हा विणावं लागलं. ताटली चाकाबरोबर फिरू नये म्हणून फोर्कला तिचा आधार पक्का बसलाय का, हे मिस्त्रीनं तीनदा पाहिलं. तो सुटला तर ब्रेकच चाक अडकवतो. मग दोन्ही शू एकाच क्षणी टेकावेत म्हणून सळईची लांबी जुळवणं, आणि शेवटी लिव्हर दाबून धरूनच आस आवळणं, म्हणजे ताटली आपोआप मधोमध बसते. हे शेवटचं माझ्याकडून करवून घेतलं. "बाई, तुम्ही दाबून धरा, सोडू नका." विद्यार्थ्याचा हुकूम मी निमूट पाळला.

आण्णांचं जुनं चाक, ६ इंची ड्रमसकट, पडवीच्या भिंतीवर टांगलंय. थोरल्या बंधूंची तेवढ्यावर समजूत पटली. कधी वाटलं तर तासाभरात पुन्हा चढवता येईल. ते दोन कोरे शू मात्र मी कपाटात ठेवलेत.

२०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. चाक अडकतंय असं वाटलं की यंत्रच ब्रेक क्षणभर सोडतं. आमच्या बुलेटला ते नाही, तिथं हातालाच शिकावं लागणार. म्हणून सध्या धाकटी सुट्टीला आली की पहाटे मोकळ्या मैदानात सराव करते. आधी सरळ रस्त्यावर, लिव्हर एकदम न ओढता हळूहळू पिळत, मग जरा वेगात, मग ओल्या जमिनीवर. वळणात ओढायचा नाही, हे तिनं स्वतःच लिहून चिकटवलंय. मी कट्ट्यावर बसून बघते. परवा तिनं मला माझ्या स्कूटरवर बसवलं आणि म्हणाली, "आई, आता पुढचा लाव." मी बासष्ट वर्षांची, आजवर एकदाही न लावलेला. बोटं लिव्हरवर ठेवली आणि आपोआप सैल सोडली. तिनं पुन्हा सांगितलं. चौथ्या खेपेला लावला. स्कूटर जरा नाक खाली करून थांबली, मी पालथी पडले नाही.

चोर्ल्याला ती दिवाळीनंतर जाणार आहे, पाऊस पुरता संपल्यावर. जांबोटी, कणकुंबी, मग घाट उतरून साखळी. नवं लायनर ड्रमशी पुरतं बसायला थोडे दिवस गाडी चालायला लागते, म्हणून मिस्त्री रोज संध्याकाळी एक फेरी मारून आणतो. परत आला की तो हाक मारतो, मी बाहेर जाते, आणि आम्ही दोघं ड्रमजवळ हात नेऊन बघतो, किती तापलाय.